बाबांची दिवसाची झोप

गुरुवारी कंपनीत काहीच घडलं नाही. कुणी पडलं नाही, कुणाला लागलं नाही, कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं नाही. फोर्कलिफ्ट मागं येत होती आणि हाउसकीपिंगच्या मावशी तिच्याकडं पाठ करून पत्र्याचे बारीक तुकडे झाडत होत्या, एवढंच. मागं येताना तिचा भोंगा वाजायला हवा, तो बिघडलेला होता. आणि पत्रा ठोकणाऱ्या प्रेस चालू असताना वाजला असता तरी कुणाला ऐकू जाणार होता म्हणा! नेहा पलीकडं क्वालिटीच्या टेबलाशी उभी होती. सगळ्यांत आधी तिनंच पाहिलं. तिनं तोंड उघडलं. 'मावशी' हा शब्द छातीतून निघाला, गळ्यापर्यंत आला आणि तिथंच बसून राहिला. लोखंडाचं ते पिवळं धूड वीतभर जवळ, आणखी वीतभर जवळ, आणि हिचं तोंड नुसतं उघडं. मग कुठूनतरी फिटर दिग्विजयनं तोंडात बोटं घालून अशी शिट्टी मारली की फोर्कलिफ्ट जागच्या जागी थांबली. मावशी वळल्या, ड्रायव्हरच्या आईबापांचा उद्धार केला आणि पुन्हा झाडायला लागल्या. सगळे हसले. नेहाचं तोंड अजून उघडंच होतं. ते तिनं हळूच मिटलं आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडंतिकडं बघितलं. कुणीच पाहिलं नव्हतं.

आज रविवार उजाडला तरी ते उघडं तोंड तिच्याबरोबर होतंच. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं स्कूटर चालवताना स्कार्फच्या आत तिनं एकदोनदा 'मावशी' म्हणून पाहिलं. डोळे सोडून सगळं तोंड गुंडाळलं की माणूस आत काय वाटेल ते म्हणू शकतो. मागं बसलेल्या बाबांना तर लांबून बसनं हॉर्न दिला तरी पत्ता लागत नाही. बाबा म्हणजे अण्णासाहेब. उभा जन्म आकुर्डीतल्या एका प्रेस शॉपमधे काढला आणि रिटायर होताना दोन्ही कान तिथंच ठेवून आले. अगदी जवळून कुणी घसा फोडून ओरडलं तरच काही आत शिरतं, आणि तसं त्यांच्यावर कोण ओरडणार? समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं ओळखतात, आणि ओठांवर स्कार्फ असला की सगळा कारभार आटोपला. स्कूटरवर त्यांची भाषा थापांची: खांद्यावर एक थाप म्हणजे हळू घे, पाठोपाठ दोन म्हणजे थांब. दर रविवारी ते घोरावडेश्वराचा डोंगर चढतात, वरच्या लेण्यात थोडा वेळ डोळे मिटून बसतात आणि उतरतात. एकटेच जातात. आज सकाळी मात्र नेहानं बुटाच्या नाड्या आवळल्या आणि 'मी येते' असे ओठ हलवले. बाबांनी ते वाचले आणि खांदे उडवले. आई चहा गाळत होती. तिचा हात गाळणीवर थांबला, पण ती काही बोलली नाही. त्या घरात न बोलणं ही काही बातमी नव्हती.

बोलायचं होतं नेहाला. आणि आजच बोलायला हवं होतं, कारण सोमवारी सकाळी तिचं नाव मागं घेतलं जाणार होतं. निघोज्याच्या तिच्या कंपनीत तिला लाइन इन्चार्ज करायचं चाललं होतं. प्रेस शॉपची अख्खी लाइन, तिन्ही शिफ्ट आळीपाळीनं, हाताखाली सगळे पुरुष. साहेब स्वतः म्हणाले होते, "मॅडम, तुमचा कान फार चांगला आहे." खोटं नव्हतं ते. पत्रा कापणारी डाय बोथट व्हायला लागली की मापात फरक पडायच्या आधी तिला ठोक्यात फरक ऐकू यायचा. ती जाऊन बोटानं दाखवायची, आणि पोरं आधी हसायची, मग मशीन थांबवून बघायची, मग हसायची नाहीत. शुक्रवारी मात्र एचआरच्या ज्ञानदेवनं तिला पार्किंगमधे गाठलं. ज्ञानदेव बाबांच्या जुन्या जोडीदाराचा मुलगा, घरातल्यासारखाच. म्हणाला, "नेहाताई, अण्णा आले होते परवा घरी. म्हणाले, पोरीला शिफ्टला घालू नका, क्वालिटीच्या लॅबमधेच राहू द्या. मग तुमचं नाव मागं घेऊ ना? सोमवारी साहेबांच्या कानावर घालतो." नेहानं घशातून 'अं' असं काहीतरी केलं. ज्ञानदेवनं ते हो म्हणून धरलं आणि हेल्मेट घातलं. न बोलणाऱ्याचं सगळं लोक होमधेच धरतात. ती गाडीची किल्ली हातात घेऊन किती वेळ तिथंच उभी राहिली, आणि पहिल्यांदा तिला राग आला तो बाबांचा नव्हे, त्या 'अं'चा.

तो 'अं' कुठून आला हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो दापोडीहून आला होता, रेल्वेलाइनच्या कडेच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांतून. बाबांनी कायमची थर्ड शिफ्ट घेतली होती. सगळं जग उठायचं तेव्हा ते घरी यायचे, आंघोळ करून चार घास खायचे आणि आतल्या खोलीत पडदा ओढून झोपायचे. आणि त्यांची झोप तरी कसली तऱ्हेवाईक! खिडकीला खेटून मालगाडी गेली, मांडणीवरची भांडी थरथरली, तरी कूस बदलायचे नाहीत. पण चमचा पडला की ताडकन उठून बसायचे, डोळे लालबुंद, आणि भिंतीकडं बघून विचारायचे, "माणूस झोपलाय का मेलाय?" म्हणून घरात चमचा पडायचाच नाही. आई डाळ पातेल्यात शिजवायची, कारण कुकर शिट्टी मारतो. भाकरी थापली की आवाज होतो म्हणून आठवडाभर पोळ्या. बांगड्या कोपराकडं सरकवून ठेवलेल्या. दाराच्या कडीला बाबांचाच जुना मोजा बांधलेला. आणि आईचं ते बोट! आईचं, म्हणजे गिरजाबाईंचं, उजव्या हाताचं बोट दिवसभर ओठांवरच असायचं. नेहाला तर कितीतरी दिवस वाटायचं की आयांचा चेहरा असाच असतो, मधोमध एक बोट असलेला. प्रितमला, तिच्या धाकट्या भावाला, आई सरळ बाहेर हाकलायची: जा, रुळांपलीकडच्या मैदानात जाऊन बोंबल. तो गेला, बोंबलला, आणि आज हिंजवडीच्या ऑफिसात फोनवर बोलतो तेव्हा शेजारचे दोन मजले ऐकतात. मुलीला कुठं हाकलणार? मुलगी घरात राहिली. ती खोकला उशीत खोकायला शिकली. खांदे हलवून हसायला शिकली. रडताना तोंडानं श्वास घ्यायचा, नाकानं घेतला की आवाज होतो, हे तिला अक्षरं गिरवायच्या आधी कळलं होतं. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा तिनं आईला ते खुणेनं सांगितलं, आणि पुढं काय करायचं ते आईनंही खुणेनंच दाखवलं. पडद्याआड बाबा घोरत होते.

आणि तो भीमजयंतीचा कार्यक्रम. गल्लीत मांडव, निळ्या पताका, पांढरा फ्रॉक. तिचं भाषण तोंडपाठ होतं, एका शब्दाची चूक नाही. कार्यकर्त्यानं माइक खाली केला, आणखी खाली केला, शेवटी तिच्या ओठांना टेकवला. ती बोलत होती. अगदी मनापासून, हातवारे करून बोलत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज!" मग दुसरा, "आवाज येत नाय!" मग सगळा मांडव हसायला लागला. फक्त पहिल्या रांगेत बाबा बसले होते, नवा सदरा घालून, आणि कडाकडा टाळ्या वाजवत होते. तेव्हा त्यांचे कान नुकतेच जायला लागले होते, घरात कुणाला माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, सगळं नीट चाललंय. घरी येताना त्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि गल्लीभर सांगितलं, काय बोलली माझी पोर, काय बोलली! तिला त्या टाळ्यांची आजही लाज वाटते, आणि त्या आठवल्या की बाबांवर धड रागावताही येत नाही. हीच तर पंचाईत. बाप नुसता दुष्ट असता तर किती सोपं झालं असतं.

डोंगराच्या पायथ्याला तिनं स्कूटर लावली, स्कार्फ सोडून पर्समधे कोंबला. पायवाट सुरू झाली आणि बाबा पुढं निघाले, ढांगा टाकत, वळूनही न बघता. या वयातही त्यांच्या पोटऱ्या ताठ. थंडी होती, गवत वाळून पिवळं पडलं होतं, त्यातून उन्हं नुकती वर यायला लागली होती. रविवारची माणसं होतीच: निगडी-प्राधिकरणातले चालायला येणारे, कॉलेजच्या पोरापोरींचा एक घोळका, त्यांच्या पिशवीत कुठंतरी गाणं वाजत होतं, आणि अर्ध्या वाटेवरच्या दगडावर माठ मांडून बसलेली एक ताकवाली म्हातारी. नेहा दोन पावलं मागं राहून चालत होती. ती मनात वाक्यं जुळवत होती. बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय. बाबा, तुम्ही ज्ञानदेवला का सांगितलंत? बाबा, मला विचारायचं तरी. तीन वाक्यं, आणि तिन्ही तिला एखाद्या अर्जासारखी वाटायला लागली. पुढं बाबांची पाठ, रेघारेघांचा स्वेटर, मानेवर पांढरे बारीक केस. पाठीशी बोलता येत नाही त्यांच्या. पुढं जाऊन, तोंडासमोर उभं राहून, ओठ नीट हलवून बोलावं लागतं, आणि त्यांच्या समोर जाऊन उभं राहायचं म्हटलं की ही पाऊल मागंच घेते. भावानं आणि तिनं मिळून त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं होतं. आठ दिवस वापरलं आणि काढून ठेवलं. म्हणाले, भांडी वाजली की कानात टाचण्या घुसतात. नेहाला तेव्हा वाटलं होतं, घ्या, आता कळलं? चमचा पडल्यावर आम्हाला कसं व्हायचं ते?

ताकवालीजवळ बाबा थांबले. दोन ग्लास घेतले, एक हिच्या हातात दिला. नेहा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिनं ओठ हलवले, "ज्ञानदेव भेटला होता."

"मग सांगितलं आसंल त्यानं," बाबा म्हणाले. म्हणाले कसले! बाबा बोलतात तेव्हा दापोडीतल्या त्या गल्लीला कळतं आज अण्णांकडं कुठली भाजी आहे. इथं तर मोकळा डोंगर. "मीच जाऊन आलो त्याच्याकडं. शिफ्टबिफ्ट काय नाय आपल्याला. लॅबमधे एसीत बसायचं, गप."

चालणारे दोघं थबकले. कॉलेजच्या पोरांनी माना वळवल्या. नेहाचे कान तापले. "मला विचारलं का तुम्ही?" तिनं विचारलं. आवाज ग्लासापर्यंतसुद्धा पोचला नसेल, पण बाबांनी वाचलं.

"इचारायचं काय त्यात? थर्ड शिफ्ट माणसाला खाती. माझ्याकडं बघ की. ह्ये बघ कान, ह्ये बघ प्वाट, सदा जळतंय, रात्री डोळ्याला डोळा न्हाई लागत आजून. सणासुदीला कदी माणसांत बसलो न्हाई. तुला कशापाई पायजे ती भानगड?"

"मला येतं ते काम. मला आवडतं."

"आवडतं!" बाबांनी ग्लास दगडावर आपटला. "प्रेस शॉप हाय त्ये, वाचनालय न्हाई. तिथं आवाज लागतो. तुजा आवाज दोन माणसांपलीकडं जात न्हाई. उद्या कुणाचा हात आत ऱ्हायला तर काय चिठ्ठी लिहून देणार हायेस का त्याला?"

कॉलेजच्या घोळक्यातून एक हसू फुटलं आणि दाबलं गेलं. म्हातारी पदरानं माठ पुसायला लागली, उगीचच. बाबांनी पैसे दिले, तोंडावरून हात फिरवला आणि वर चालायला लागले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. बाबांचे विषय असेच संपतात: ते पाठ फिरवतात, आणि पाठीला कान नसतात.

नेहा तिथंच उभी राहिली. ताकात मीठ जास्त होतं की तोंडच कडू झालं होतं कोण जाणे. तिला राग आला होता, पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते जास्त वाईट होतं. बाबा खरं बोलत होते. त्यांना गुरुवारचं काहीच माहीत नव्हतं, तरी त्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. मावशींची पाठ, पिवळं लोखंड, उघडं तोंड. शिट्टी मारणारा नसता तर? दिग्विजय त्या क्षणी चहाला गेला असता तर? तीन रात्री ती तेच बघत होती, आणि शुक्रवारपासून तिच्या मनात येत होतं की ज्ञानदेवला काही सांगू नये, नाव जातंय तर जाऊ द्यावं, लॅबमधे बसावं, मापं घ्यावीत, गप. बाबांनी तिच्यावर उपकारच केले होते. नुसतं मूग गिळून बसायचं, बाकी काही करायचं नाही. ते तर तिला झोपेतही जमतं. मग सगळे म्हणतील, शहाणी पोर, बापाच्या शब्दाबाहेर नाही. लाइनवरची पोरं तिला पाठीमागं 'सायलेंट मोड' म्हणतात, तिलाही माहीत आहे. ती त्यांच्याबरोबर हसतेसुद्धा, खांदे हलवून. आणि हे सगळं मनात येत असतानाच तिला वर जाणारा तो स्वेटर दिसत होता, आणि तिच्या मनात एकदम लख्ख उभं राहिलं: अरे, पण हे कुणी केलं? ज्यानं तोंड शिवलं त्यानंच म्हणावं, हिला बोलता येत नाही! कुणाच्या झोपेसाठी? कुणाच्या लाल डोळ्यांसाठी? थर्ड शिफ्ट माणसाला खाते म्हणे. खाते ना. पण त्या ताटात ते एकटे नव्हते. आई होती, तिच्या बांगड्या होत्या, आणि एक पोरगी होती जिचा आवाज रोज सकाळी त्यांच्या उशाशी काढून ठेवलेला असायचा, आणि संध्याकाळी ते उठायचे तेव्हा तो परत घ्यायचं कुणाच्या लक्षात यायचं नाही. ते बिचारे राबत होते, पोटासाठी राबत होते, आमच्यासाठीच राबत होते, मान्य. शंभर वेळा मान्य. कष्टाळू बापाचं सगळं माफ असतं. पण माफ करायलासुद्धा आधी तोंड उघडावं लागतं, आणि तिला अजून कुणी तोंडच उघडू दिलं नव्हतं. तिनं ग्लास म्हातारीच्या हातात दिला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की गुरुवारी तो शब्द जिथं अडकला होता तिथं आता काहीच अडकलेलं नाही, नुसती जागा आहे, आणि त्या जागेतून खालून वारा वर येतोय.

"बाबा!"

हे आपण ओरडलो हे तिला आधी कळलंच नाही. आवाज जाड होता, फाटका होता, बाईमाणसाचा नव्हताच जणू, आणि तो डोंगराला जाऊन धडकला. पिशवीतलं गाणं कुणीतरी बंद केलं. वरच्या वळणावरची माणसं थांबून खाली बघायला लागली. गवतातून दोन टिटव्या ओरडत उठल्या.

"मी शिफ्ट घेणार! ऐकताय का? मी घेणार! तुमच्या झोपेपायी सगळं लहानपण तोंड दाबून बसले मी! खोकले नाही, रडले नाही, हसले नाही! गुरुवारी एक बाई माझ्या डोळ्यांदेखत मेली असती, आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही! का निघाला नाही? विचारा आईला! तिच्या त्या बोटाला विचारा! थर्ड शिफ्टनं तुम्हाला खाल्लं, आणि आम्हाला? आम्हाला कुणी खाल्लं? आणि तरी मी घेणार! ऐकलं का? तरी घेणार!"

अख्ख्या डोंगरानं ऐकलं. चालणाऱ्यांनी ऐकलं, पोरांनी ऐकलं, लेण्याच्या कट्ट्यावर बसलेल्यांनी ऐकलं. ऐकलं नाही ते एका माणसानं. रेघांचा स्वेटर त्याच चालीनं वर चालला होता, हात पाठीमागं बांधून, मजेत. नेहा बघतच राहिली. जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि ज्याच्यासाठी उघडलं त्याला पत्ताच नाही! तिला हसू येतंय की रडू, तिचं तिला समजेना. दोन्ही आलं, आणि दोन्ही आवाज करून आलं.

"हळू गं बये," ताकवाली म्हणाली, "बाप हाय न्हवं तुजा?"

"म्हणून तर," नेहा म्हणाली, नाक पुसत. "परक्यासाठी कोण एवढं ओरडतं, आजी?"

म्हातारीनं तिच्याकडं निरखून पाहिलं, आणि मग वर बघून हात हलवायला लागली. तिच्या हाताकडं नव्हे, पण वरून खाली वळलेल्या एवढ्या तोंडांकडं बाबांचं लक्ष गेलं असावं. ते थांबले. वळले. सगळे कुणाकडं बघतायत ते त्यांनी बघितलं, आणि मग ते जे धावत खाली आले ते दगडधोंड्यांवरून अक्षरशः घसरत आले. "काय झालं? पडलीस का? काय चावलं का?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी तिचे खांदे धरले, हात चाचपले, पायाकडं पाहिलं. आणि मग, सवयीनं, त्यांनी तिच्या ओठांवर नजर लावली आणि वाट बघू लागले.

ती नजर नेहाला ओळखीची होती. त्या नजरेसाठी ओठ नुसते हलवले की पुरतं. आवाज असो नसो, बाबांना काही फरक पडत नाही; आणि तिलाही कधी पडला नव्हता, दोघांचं छान चाललं होतं. बापाला ऐकू येत नाही आणि लेकीला बोलता येत नाही, इतकी सोयीची जोडी शोधून सापडायची नाही. तिनं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. नाही, असं नाही. ओठ वाचून नाही. आजवर जे गेलं ते या वाचण्यातच गेलं. तिनं त्यांचे हात खांद्यांवरून काढले, फार हळूच नव्हे, आणि ती वळली. बाबांकडं तिनं पाठ केली. समोर खाली एक्सप्रेसवेवर गाड्या सरकत होत्या, त्यांच्या पलीकडं स्टेडियमचे उंच खांब, धूसर गावं. बाबा पुढं यायला लागले, तिच्या तोंडासमोर यायला. तिनं हात मागं करून त्यांना अडवलं. तिथंच थांबा. तिथूनच ऐका. मागं त्यांचा जोराचा श्वास ऐकू येत होता. तिला तर सगळंच ऐकू येतं.

तिनं पोट भरून हवा घेतली आणि दरीकडं तोंड करून सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी रडली नाही. एकेक वाक्य सुटं करून सांगितलं. मावशींचं सांगितलं, फोर्कलिफ्टचं सांगितलं, तीन रात्रींचं सांगितलं. कुकरचं, मोज्याचं, उशीचं सांगितलं. तुमचे उपकार आहेत आणि तुमचा राग आहे, दोन्ही आहे, असं सांगितलं. आवाज फाटत होता, तिनं फाटू दिला. गुरुवारी आवाज निघाला नाही, उद्या निघेल, आणि नाही निघाला तर मी शिट्टी मारायला शिकेन, पण लॅबमधे गप बसायला मला कुणी सांगायचं नाही. "उद्या सकाळी ज्ञानदेवला मी सांगणार आहे," ती शेवटी म्हणाली, "मी शिफ्ट घेतेय म्हणून. फर्स्ट, सेकंड, थर्ड, तिन्ही. आणि घरी आल्यावर मी दिवसा झोपेन, तेव्हा खुशाल कुकर लावा. मोठ्यानं बोला, भांडा, भाकऱ्या थापा. मला चालेल!"

तिनं वाट बघितली. घशाला आग लागली होती, तरी ती मुद्दाम वळली नाही. ते रागावले असतील तर रागावू देत. निघून गेले असतील वर, तर जाऊ देत. आपण उतरायचं, स्कूटर काढायची, उद्या कामावर जायचं. ऐकू आलंच नसेल तर? तर नसेल. सांगून झालंय.

"परत बोल," बाबा म्हणाले.

इतक्या हळू आवाजात की तिला वाटलं, भासच झाला. ती वळली. बाबा दगडावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि तिच्या ओठांकडं बघत नव्हते. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"नाही आलं का ऐकू?" तिनं विचारलं, आणि तिचा आवाज पुन्हा चढला. "एवढं ओरडले तरी?"

"आलं," बाबा म्हणाले. "सगळं आलं." त्यांनी डोळे उघडले नाहीत, नुसता हात वर करून, चल, वळ, अशी खूण केली, मघासारखी दरीकडं वळ. "परत बोल."